आठ वर्षांच्या मुलीची खोल किडलेली दाढ: डेंटिनचे प्रकार आणि थांबण्याचा निर्णय

पार्श्वभूमी

रुग्ण आठ वर्षे दोन महिने वयाची मुलगी. तक्रार खालच्या डाव्या पहिल्या कायमच्या दाढेची, म्हणजे ३६ क्रमांकाची. थंड किंवा गोड लागले की सळक यायची आणि दोन-तीन सेकंदांत ओसरायची. रात्रीचा ठणका नव्हता, आपोआप दुखत नव्हते, हिरडीवर सूज किंवा पू नव्हता. खड्ड्यात अन्न अडकते म्हणून मुलगी उजव्या बाजूनेच चावत होती.

ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात. इथेही "पडणारच आहे" या समजुतीत खड्डा दिसूनही काही महिने निघून गेले होते.

तपासणीत चावण्याच्या पृष्ठभागावर मधोमध खड्डा दिसला. बाहेरून तोंड लहान, पण भोवतीचे इनॅमल (दाताचे सर्वांत बाहेरचे कडक आवरण) राखाडी झाक मारत होते. खालचा आधार (म्हणजे डेंटिन, इनॅमल आणि दाताचा गाभा यांच्यामधला थर) कीड खाऊन गेली की इनॅमल असे दिसते. आरशाच्या दांड्याने दाढेवर हलके ठोकले तर दुखले नाही. थंडाच्या चाचणीला प्रतिसाद आला, उजवीकडच्या दाढेपेक्षा तीव्र, पण कापूस काढताच तीन सेकंदांत थांबला. इलेक्ट्रिक पल्प टेस्ट (दाताचा जिवंत गाभा म्हणजे पल्प, तो जिवंत आहे का हे सौम्य विजेने तपासणे) मुद्दामच केली नाही. मूळ पूर्ण होईपर्यंत ओडोंटोब्लास्टच्या (डेंटिन घडवणाऱ्या पेशींच्या) थराखालचे मज्जातंतूंचे जाळे (रॅश्कोव्ह यांच्या नावाने ओळखले जाते ते) पुरते विकसित झालेले नसते. अशा दाढेत ती चाचणी "प्रतिसाद नाही" असे सांगते आणि जिवंत पल्प मेलेला ठरतो.

एक्स-रेमध्ये कीड डेंटिनच्या आतल्या पाव भागात उतरलेली होती. पुढच्या बाजूचे पल्प हॉर्न (पल्पचे वर चढलेले टोक) उंच होते आणि कीड व पल्प यांच्यामध्ये डेंटिनची एक बारीक पण सलग पांढरी रेघ दिसत होती. मुळे सुमारे दोन-तृतीयांश झालेली, टोके उघडी आणि नरसाळ्यासारखी पसरट. मुळांमधले हाड निरोगी. निदान: खोल कीड, पल्पचा दाह पूर्ववत होण्याजोगा, मूळ अपूर्ण.

त्या वेळी दाढेच्या आत काय चालले होते

या प्रकरणातला प्रत्येक निर्णय एका पेशीभोवती फिरतो, म्हणून आधी तिच्याबद्दल.

डेंटिन घडवणारी पेशी म्हणजे ओडोंटोब्लास्ट. या पेशी पल्पच्या बाहेरच्या कडेला रांगेने उभ्या असतात. गर्भात न्यूरल क्रेस्ट या पेशीसमूहातून आलेल्या पेशींना इनॅमल घडवणाऱ्या अवयवाच्या आतल्या एपिथेलियमकडून (पेशींच्या थराकडून) रासायनिक संदेश मिळतात आणि त्यांच्या ओडोंटोब्लास्ट बनतात. मुळांच्या भागात हेच काम हर्टविगचे एपिथेलियल आवरण करते. एकदा घडलेली ओडोंटोब्लास्ट पुन्हा विभागत नाही. ती मेली तर शेजारची पेशी दोन होऊन तिची जागा भरू शकत नाही.

ही पेशी आधी मुख्यतः कोलॅजनचा मऊ थर सोडते, तो प्रीडेंटिन. त्यात हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे स्फटिक बसले की त्याचे डेंटिन होते. थर वाढत जातो तशी पेशी पल्पकडे मागे सरकते, पण तिचा एक लांब तंतू मागे राहतो आणि त्याच्याभोवती नलिका तयार होते. म्हणून डेंटिन भरीव नसते. इनॅमलजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २०,००० नलिका असतात आणि त्यांचा व्यास साधारण १ मायक्रॉन असतो. पल्पजवळ त्यांची संख्या ४५,००० च्या वर जाते आणि व्यास २.५ मायक्रॉनपर्यंत. बाहेरच्या टोकाला पृष्ठभागाचा जेमतेम १ टक्का भाग उघडा असतो, पल्पला लागून मात्र सुमारे २२ टक्के. खोल किडीचा शेवटचा अर्धा मिलिमीटर हा आधीच्या दोन मिलिमीटरांपेक्षा वेगळाच पदार्थ आहे असे धरून चालावे लागते, ते यामुळे. थंडाने आणि गोडाने येणारी सळकही याच नलिकांमधली: आतला द्रव हलतो आणि टोकाचे मज्जातंतू चाळवतात, हे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले.

आता प्रकार. मूळ पूर्ण होईपर्यंत जे तयार होते ते प्राथमिक डेंटिन. त्यातला इनॅमलला चिकटलेला सर्वांत पहिला पातळ थर म्हणजे मँटल डेंटिन, बाकी सगळे पल्पभोवतालचे. वेग दिवसाला सुमारे ४ मायक्रॉन. मूळ पूर्ण झाल्यावर त्याच पेशी तेच काम मंद गतीने चालू ठेवतात, दिवसाला साधारण ०.४ मायक्रॉन, आयुष्यभर. हे द्वितीयक डेंटिन. दाढांमध्ये ते पल्पच्या छतावर आणि तळावर जास्त साचते, म्हणून वय वाढेल तशी पल्पची पोकळी चपटी होत जाते.

तृतीयक डेंटिन मात्र इजा झाली तरच आणि इजेच्या समोरच तयार होते. त्याचे दोन उपप्रकार आहेत आणि उपचारांच्या दृष्टीने खरा फरक इथे पडतो. इजा सौम्य असेल तर मूळच्याच ओडोंटोब्लास्ट वेग वाढवतात. ते रिअ‍ॅक्शनरी डेंटिन. त्याच्या नलिका जुन्या नलिकांना बहुतांशी जोडलेल्या असतात. इजा तीव्र असेल तर मूळच्या पेशी मरतात, पल्पमधल्या स्टेम सेलपासून ओडोंटोब्लास्टसारख्या नव्या पेशी तयार होतात आणि त्या रिपेरेटिव्ह डेंटिन घालतात. त्यात नलिका कमी आणि वेड्यावाकड्या असतात, कधी अजिबात नसतात, कधी पेशीच आत अडकून पडतात. नव्या पेशी घडायला वेळ लागतो आणि पल्प फार सुजलेला असेल तर त्या घडतच नाहीत.

हा संदेश पल्पपर्यंत पोहोचवण्यात किडीचाही हात असतो. डेंटिन घडताना टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक त्यात बंदिस्त होतात. किडीच्या आम्लाने डेंटिन विरघळले की ते सुटतात आणि नलिकांमधून ओडोंटोब्लास्टपर्यंत जातात. कीड सावकाश सरकत असेल तर पेशींना थर वाढवायला सवड मिळते. कोवळ्या दाढेत नलिका रुंद असतात, आतून खनिज भरून त्या अरुंद झालेल्या नसतात, त्यामुळे कीड भराभर आत शिरते आणि ही सवड कमी पडते.

या दाढेत त्या घडीला दोन कामे एकाच वेळी चालू होती: मुळांमध्ये प्राथमिक डेंटिन आणि किडीखाली तृतीयक डेंटिन. एक्स-रेमधली ती पांढरी रेघ या दुसऱ्या कामाचा हातभार लागूनच टिकलेली असावी. द्वितीयक डेंटिनची पाळी अजून आलेलीच नव्हती.

अडचण

कीड पूर्ण काढायला जावे तर उंच पल्प हॉर्न उघडे पडण्याचा धोका ठळक होता. पल्प गेला तर मुळांची वाढ तिथेच थांबणार, भिंती पातळ राहणार आणि दाढ मानेपाशी (हिरडीजवळ) मोडण्याचा धोका कायमचा मागे लागणार. मुळे भरून यायला अजून साधारण दीड-दोन वर्षे पल्प जिवंत राहणे आवश्यक होते.

कोणते पर्याय तोलले

पहिला, सगळीकडे कडक डेंटिन लागेपर्यंत कीड खरवडणे. जुनी पद्धत हीच. इथे नाकारली, कारण पल्पच्या बाजूचा मऊ थर सगळाच जंतूंनी भरलेला नसतो. त्याचा आतला भाग खनिज गेलेला असला तरी कोलॅजनचा सांगाडा शाबूत असतो आणि त्यात खनिज परत बसू शकते.

दुसरा, टप्प्याटप्प्याने काढणे: आज थोडी कीड ठेवून बंद करायचे, काही महिन्यांनी उघडून उरलेली काढायची. यात दुसऱ्यांदा उघडताना पल्पला इजा होऊ शकते आणि मधल्या काळातले तात्पुरते फिलिंग गळू शकते.

तिसरा, निवडक काढणे. कडा पूर्ण स्वच्छ करायच्या, पल्पवर मात्र मऊ किंवा चामट डेंटिन ठेवायचे आणि एकाच बैठकीत कायमचे बंद करायचे. खोल किडीसाठी, पल्प जिवंत आणि लक्षणे सौम्य असतील तर, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही हाच मार्ग आहे.

चौथा, अंशतः पल्पोटॉमी. पल्प उघडे पडलेच तर राखीव योजना म्हणून हा पर्याय ठेवला: वरचा सुमारे २ मिमी पल्प डायमंड बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) पाण्याखाली काढायचा, सोडियम हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशक द्रावाच्या) बोळ्याने रक्त थांबवायचे, आणि पाच-दहा मिनिटांत थांबले तरच कॅल्शियम सिलिकेट सिमेंट लावायचे. थांबले नाही तर दाह खोलवर गेला आहे असे समजून आणखी खाली जायचे.

रूट कॅनल हा पर्याय या टप्प्यावर नव्हताच. टोक उघडे असताना तो करणे म्हणजे मुळांची वाढ स्वतःहून थांबवणे.

तिसरा पर्याय ठरला. तेव्हा आईचा प्रश्न अगदी रास्त होता: "डॉक्टर, कीड आत ठेवून वरून बुजवली तर ती आतल्या आत वाढणार नाही का?" उत्तर असे दिले की जंतूंना वाढायला साखर लागते, फिलिंग हवाबंद बसले तर ती मिळत नाही, जंतू घटतात आणि मऊ थर कोरडा व गडद होत जातो. म्हणजे सगळा भरवसा कडांच्या बंदिस्तीवर आहे, आणि ती गळली तर उपचार फसेल. हेही त्याच वेळी स्पष्ट सांगितले.

काय केले

लिग्नोकेनने (भूल देणाऱ्या औषधाने) खालच्या जबड्याचा नर्व्ह ब्लॉक दिला आणि खड्डा उघडण्याआधीच रबर डॅम (दाढ थुंकीपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा) लावला. उघडल्यानंतर लावण्यात अर्थ नसतो. पल्प अचानक उघडे पडले तर त्या क्षणाला थुंकी पोहोचलेली नसावी.

इनॅमल हायस्पीड ड्रिलने भरपूर पाण्याखाली उघडले. मग आधी कडा घेतल्या. इनॅमल आणि डेंटिनच्या जोडापासून आत दीड-दोन मिमीचा पट्टा चारही बाजूंनी कडक, टोचणीला खरखरीत लागेपर्यंत साफ केला. हा क्रम महत्त्वाचा. पल्पच्या बाजूने सुरुवात केली की तिथेच खोदत राहण्याचा मोह होतो आणि कडेच्या बंदिस्तीकडे दुर्लक्ष होते.

कडा झाल्यावर बर बदलला. पल्पच्या बाजूला मावेल तेवढा मोठा गोल कार्बाइड बर कमी वेगात, नंतर धारदार एक्स्कॅव्हेटर (हाताने खरवडायचे चमच्यासारखे अवजार). बोथट एक्स्कॅव्हेटर दाब मागतो आणि दाबाने डेंटिनची पातळ चकती सुटून निघते. वरचा ओला, पिवळसर भाग सहज निघाला. खाली तपकिरी, चामट थर लागला, त्याचे पापुद्रे निघू लागले. पुढच्या पल्प हॉर्नवर सुमारे २ मिमी रुंदीचा डाग मात्र अजूनही मऊच होता, एक्स्कॅव्हेटरने दाबले की दबत होता.

उपचारातला सर्वांत अवघड निर्णय याच जागेवर होता. आणखी एक पापुद्रा काढला असता तर डाग कदाचित गेला असता. पण खाली उरलेले डेंटिन तोंडात मोजता येत नाही आणि एक्स-रेवरचा अंदाज अर्ध्या मिलिमीटरने सहज चुकतो. उरलेली जाडी पाव मिलिमीटरच्या खाली गेली की खालच्या ओडोंटोब्लास्ट मोठ्या प्रमाणावर मरतात. पाव ते अर्धा मिलिमीटर उरली तर त्या जगतात आणि जोमाने रिअ‍ॅक्शनरी डेंटिन घालतात. पल्प उघडे पडले नाही एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच चूक. न उघडलेल्या पल्पखालीही पेशींची रांग मारता येते. तो डाग तसाच ठेवला.

खड्डा ओलसर बोळ्याने टिपला, हवेचा झोत मारला नाही. झोताने नलिकांमधला द्रव बाहेर ओढला जातो आणि त्याच्यासोबत ओडोंटोब्लास्टची शरीरे नलिकांत खेचली जातात. कॅल्शियम सिलिकेट सिमेंट हलक्या हाताने पसरवले आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत बारा मिनिटे थांबलो. हे सिमेंट कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडते, त्याने डेंटिनमधले वाढीचे घटक सुटतात, म्हणजे किडीनेच दिलेला संदेश किडीशिवाय चालू राहतो. त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर, मग फक्त कडांना फॉस्फोरिक आम्ल, बाँडिंग (चिकटवणारा द्राव) आणि दोन-दोन मिमीच्या थरांत कंपोझिट (दाताच्या रंगाचे फिलिंग). शेवटी चावा तपासून उंच जागा घासल्या.

पुढचे दोन वर्षे

दोन आठवड्यांत थंडाची सळक गेली. तिसऱ्या महिन्यात एक्स-रे काढला तर त्यात फारसा बदल नव्हता. पालक थोडे हिरमुसले, पण हिशोब साधा आहे. तृतीयक डेंटिन प्राथमिकच्या वेगाने, दिवसाला ४ मायक्रॉनने बनले असे धरले तरी ९० दिवसांत ०.३६ मिमी होते, आणि प्रत्यक्षात हा वेग सुरुवातीनंतर बराच उतरतो. एक्स-रेचा कोन थोडा बदलला तरी एवढा फरक त्यात झाकला जातो.

पाचव्या महिन्यात दुसऱ्याच कारणासाठी दुसऱ्या दवाखान्यात एक्स-रे निघाला आणि फिलिंगखालचा काळा पट्टा पाहून "आत कीड राहिली आहे, उघडायला हवे" असा सल्ला मिळाला. पट्टा खराच होता: मुद्दाम ठेवलेले, खनिज गेलेले डेंटिन. एकट्या एक्स-रेवर ते आणि चालू कीड सारखेच दिसतात. फरक कळतो तो आधीच्या एक्स-रेशी तुलना करून. चालू कीड असती तर पट्टा रुंदावला असता, खालची पांढरी रेघ पातळ झाली असती. इथे पट्टा तेवढाच होता, रेघ सलग होती, कडा घट्ट होत्या आणि थंडाचा प्रतिसाद दोन्ही बाजूंना सारखा होता. न उघडण्याचे ठरले. उघडले असते तर बरा होत असलेला पल्प दुसऱ्यांदा दुखावला असता.

अकराव्या महिन्यात मागच्या कडेला कंपोझिटचा एक टवका उडाला. कड टोचणीत अडकत होती, पण सिमेंटपर्यंत गळती नव्हती. तेवढाच भाग कापून नव्याने भरला, खालच्या थराला हात लावला नाही.

परिणाम

चोवीस महिन्यांनी दोन्ही मुळांची टोके बंद झाली होती, भोवतीचे हाड आणि लिगामेंटची (दाढ हाडाला बांधून ठेवणाऱ्या तंतूंची) जागा निरोगी, थंडाला सामान्य प्रतिसाद. किडीसमोरची पांढरी रेघ स्पष्ट जाड झाली होती आणि काळा पट्टा फिकट.

ही जाडी किडीमुळे की वयामुळे? हे ठरवायला उजवीकडची ४६ क्रमांकाची दाढ कामी आली. ती त्याच वयाची, त्याच तोंडातली आणि निरोगी. तिचे पुढचे पल्प हॉर्न अजून उंच होते. ३६ चे ठळकपणे खाली बसलेले होते. दोन्ही दाढांमध्ये सारखे वाढलेले डेंटिन ते नेहमीच्या वाढीचे, फरकापुरते ते तृतीयक. ते रिअ‍ॅक्शनरी की रिपेरेटिव्ह हे एक्स-रे सांगत नाही. त्यासाठी दाताचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. पल्प उघडे पडले नव्हते आणि सळक लवकर थांबली, त्यावरून बराचसा भाग रिअ‍ॅक्शनरी असावा. त्या मऊ डागाखाली थोडे रिपेरेटिव्हही असू शकते.

वेगळे काय करता आले असते

आधाराविना उरलेल्या इनॅमलवर कंपोझिट टेकवण्याऐवजी पहिल्याच बैठकीत स्टीलची कॅप बसवायला हवी होती. टवका उथळ निघाला म्हणून निभावले. संपूर्ण उपचार बंदिस्तीवर उभा असताना कडेचा धोका पत्करण्याचे कारण नव्हते.

तिसऱ्या महिन्याचा एक्स-रे टाळता आला असता. लक्षणे नसताना सहा आणि बारा महिने पुरतात. उलट पहिल्या दिवशीच चाव्याचा साचा घेऊन एक्स-रेचा होल्डर त्यावर बसवला असता, तर पुढचे सगळे एक्स-रे एकाच कोनात निघाले असते आणि रेघेची जाडी डोळ्यांनी ताडण्याऐवजी मोजता आली असती.

पालकांच्या हाती चिठ्ठीही पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती: कोणत्या दाढेत, पल्पच्या कोणत्या बाजूला, किती रुंद मऊ डेंटिन मुद्दाम ठेवले आहे, वर कोणते सिमेंट आहे, आणि सोबत फिलिंगनंतरचा एक्स-रे. ती पाचव्या महिन्यातल्या सल्ल्यानंतर दिली गेली. निवडक काढण्याची पद्धत वापरली की काळा पट्टा कुणाला ना कुणाला दिसणारच, तेव्हा ही चिठ्ठी उपचाराचाच भाग धरावी.

उरलेल्या तीन पहिल्या दाढांच्या खाचा सीलंटने तिसऱ्या महिन्यात बुजवल्या. त्यालाही थांबायची गरज नव्हती. रबर डॅम लावलेला असताना त्याच बाजूच्या वरच्या दाढेचे काम करता आले नसते, पण पंधरा दिवसांनी पुढच्या भेटीतच तिन्ही होऊ शकल्या असत्या. दुसऱ्या कायमच्या दाढा बाराव्या वर्षाच्या सुमारास येतील. त्यांच्या खाचाही पृष्ठभाग हिरडीतून पूर्ण मोकळा होताच बुजवायच्या, ही नोंद केसपेपरवर आहे.